गुळाचा आवाज

खोली बघायला गेलो तेव्हा अप्पांनी मला ना जात विचारली, ना पगार विचारला, ना लग्नाचं विचारलं. गावात नव्याने आलेल्या एकट्या मास्तराला यातलं एक तरी विचारतातच. अप्पांनी मला दुकानातल्या गादीवर बसवलं, आत जाऊन एक लाल गिटार आणली, तिची वायर कोपऱ्यातल्या काळ्या पेटीत खुपसली आणि एक तार छेडली. नेमक्या त्याच वेळी आतून अप्पांच्या पत्नी, ज्यांना सगळे अव्वा म्हणत, चहा घेऊन आल्या. मी नाशिकहून रात्रभर गाडीत बसून आलेलो. पहिला घोट घेतला.

"कसं वाटलं?" अप्पांनी विचारलं.

"पातळ आहे," मी म्हणालो. मी चहाबद्दल बोलत होतो.

अप्पा गादीवरून उठलेच. "पातळ! ऐकलीस? कालपरवा गावात आलेल्या माणसाला कळतंय! मास्तर, सामान घेऊन या. खोली तुमची."

अव्वांनी मात्र बरोबर ऐकलं होतं. पुढे कित्येक महिने मला त्या घरात चहा मिळाला तो इतका घट्ट, की त्यात चमचा उभा राहिला असता. देताना त्या माझ्या तोंडाकडे बघत.

अप्पा गुळाचे अडते. कोल्हापुरात, शाहूपुरीत खाली दुकान, वर घर आणि त्याच्यावर माझी पत्र्याची खोली. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि तिच्यावरून गिटारचा पट्टा. कधीकधी डबीची दोरी आणि पट्टा यांचा गुंता व्हायचा. मग अप्पा वाजवायचे थांबून आधी डबी कपाळाला लावायचे, "शिवा शिवा, चुकलं," म्हणायचे, आणि मग गुंता सोडवायला घ्यायचे. समोर गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी हा क्रम बदलत नसे.

वाजवायचे कसे? खरं सांगायचं तर बेताचंच. सकाळी पूजा झाल्यावर एखादं कानडी वचन, म्हणजे तिकडच्या संतांचं पद, दुपारी धंदा थंडावला की जुन्या सिनेमातली एक चाल, आणि ती चालही एका ठरावीक जागी आली की अडखळायची. मी तिथे राहिलो तितकी वर्षं ती त्याच जागी अडखळली. अप्पांना त्याचं वाईट वाटत नसे. "आपल्याला हात न्हाई, मास्तर," ते मोकळेपणी सांगायचे. "आपल्याला कान हाय. हात काय, कुणालाबी असतोय."

त्या कानात कॉलेजच्या दिवसांपासून एक आवाज जाऊन बसला होता. वडिलांनी त्यांना शिकायला बेळगावला ठेवलं होतं. तिथे एका ख्रिस्ती मित्राच्या घरी नाताळात ते जेवायला गेले. मित्राच्या मामाने गिटार वाजवली. तो मामा बोटीवर नोकरीला होता आणि त्याने कुठल्याशा बंदरातून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणला होता. अप्पा सगळं जेवण टाकून त्या पेटीमागे जाऊन बसले. आत कंदिलाच्या चिमण्यांसारख्या काचेच्या नळ्या लाल तापलेल्या, आणि त्यातून येणारा आवाज असा, की अप्पा म्हणत, "काकवी बघा, गुऱ्हाळात काहिलीतनं वतताना कशी जाड पडती, तुटत न्हाई, तसा." पुढे वडिलांनी दुकानावर बोलावलं, कॉलेज सुटलं, मित्र गोव्याला गेला. आवाज तेवढा राहिला.

तेव्हापासून अप्पांच्या जगाचे दोन भाग झाले. व्हॉल्व्ह म्हणजे गूळ आणि ट्रान्झिस्टर म्हणजे साखर; दुकानातली काळी पेटी साखरेतली. "साखर गोड हाय की. न्हाई कोण म्हणतंय? पर जिभंवर टाकली की संपली. गुळाला मागं चव असती." हा निकष ते माणसांनाही लावत. बाजार समितीतला एक चटपटीत कारकून 'ट्रान्झिस्टर' होता. माझ्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा दुकानात गूळ घ्यायला आले, दहा मिनिटं गप्प उभे राहिले आणि मग सावकाश म्हणाले, "पाऊस येईल बहुधा." ते गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "व्हॉल्व्हचा माणूस हाय. तापायला येळ लागतोय."

मी कुठल्या बाजूचा, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

ती पेटी शोधायचा नाद सगळ्या गावाला ठाऊक होता. जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. अप्पा आठवड्यातून एकदा त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. चाचा दरवेळी सांगायचे, "अप्पा, वो माल अब कहाँ? वो लोगां गए, वो बाजा बी गया." अप्पा मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे. गावात कुठे टॉकीज बंद पडलं, कुणा हौशी म्हाताऱ्याचं घर रिकामं झालं, की अप्पा तिथे हजर. लोकही काय काय आणून दाखवायचे. एकाने पाणी तापवायचा बंब आणला, का तर तो तापतो. उचगावच्या एका मंडपवाल्याने कमाल केली. साध्याच अँप्लिफायरचं मागचं झाकण काढून त्याने आत लाल बल्ब बसवले आणि पेटी अप्पांच्या समोर ठेवली. बल्ब झक्क पेटले. अप्पांनी गिटार लावली, तार छेडली, डोळे मिटून ऐकलं.

"बल्ब चांगलं हायत," ते म्हणाले. "देव्हाऱ्यात लावा."

आणि मग एक दिवस शाहूवाडीकडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नासाठी गूळ न्यायला आला. बोलता बोलता त्याने सांगितलं, की त्याच्या वाडीत एका काकींकडे वानरं हाकायची पेटी आहे.

"कसली पेटी?"

"आवाजाची. काकींचं मालक मुंबईत हाटेलात हुते. तितं रोज बाजा वाजायचा. हाटेल मोडलं तवा ही पेटी घिऊन आले. लई जुनी हाय. बटण दाबलं की लगीच लागत न्हाई. तापायला लागती."

अप्पांच्या हातातली गुळाची ढेप हमालाने वेळीच धरली म्हणून पायावर पडली नाही.

रविवारी आम्ही टेंपोतून निघालो. पुढे ड्रायव्हर, अप्पा आणि मी, अप्पांच्या मांडीवर गिटार. सुगीचे दिवस होते, भात लोंब्यांनी वाकलेलं. वाडी अजून दिसतही नव्हती तेव्हा डोंगराच्या कुशीतून एक आवाज आला. आधी मला तो मेघगर्जनेसारखा वाटला, मग त्यात शब्द ऐकू आले.

"हाऽऽड! मेल्यांनो, तुमच्या बाचं हाय काय!"

अप्पांनी टेंपो थांबवायला लावला. खाली उतरले. आवाज पुन्हा आला. जाड, खरखरीत, कडेला फाटलेला, पण न तुटणारा. अप्पांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तीच," ते म्हणाले. "मास्तर, तीच."

काकी साठीच्या, काटक, काष्टा घातलेल्या. घराच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, स्टुलावर ती पेटी, तोंड शेताकडे. तपकिरी कापड उंदरांनी कुरतडलेलं. पुढच्या पितळी पट्टीवर 'मेड इन' एवढंच वाचता येत होतं, पुढचं पुसलेलं. काकींच्या हातात मंडपवाल्याकडून आणलेला माईक. त्यांचे यजमान कोपऱ्यात दोरी वळत बसलेले. ते आमच्याकडे बघून हसले आणि पुन्हा दोरी वळू लागले. मुंबई सोडल्यापासून ते फारसं बोलत नव्हते, असं कळलं. काकींकडे माईक आहे म्हटल्यावर ते साहजिकच होतं.

"या पावणं, बसा," काकी म्हणाल्या, तेही माईकवरूनच. समोरच्या डोंगराने "बसाऽ" म्हटलं.

अप्पांनी पेटीची प्रदक्षिणा घातली, मागून वाकून बघितलं. नळ्या लाल होत्या. मग त्यांनी धंद्यातलं सगळं कसब विसरून पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "काकी, ही पेटी मला पायजे. काय मागाल ते देतो."

"आणि मी वानरं काय हातानं हाकू?"

"नवी पेटी घिऊन देतो. हिच्या दुप्पट मोठ्ठी."

काकी विचारात पडल्या. आता मला जे दिसलं ते असं, की काकींचं पेटीवर प्रेम वानरांपुरतं नव्हतं. विचार करता करताच माईक उचलून त्यांनी ओढ्यापलीकडे राहणाऱ्या जावेला, "म्हस सोडलियास व्हय माझ्या बांधाला? दिसतंय मला!" असं ऐकवलं. पलीकडून जाऊबाई हातवारे करून काहीतरी ओरडत होत्या, पण त्यांच्याकडे पेटी नव्हती. सगळी वाडी तोवर आमच्याभोवती जमली होती आणि मला जाणवलं, की वाडीतला एकूण एक माणूस अप्पांच्या बाजूचा आहे. एक म्हातारा तर अप्पांच्या कानाशी लागून म्हणाला, "न्याच पावणं. पुण्य लागंल तुमास्नी."

शेवटी काकींनी अट घातली. "नवी पेटी आणा. वानरं पळाली तर ही जुनी न्या. न्हाई पळाली तर दोनी हितंच ऱ्हातील." नवखा म्हणून मला तोवर एका गोष्टीची सवय झाली नव्हती. इकडे बायाही 'मी येतो, मी करतो' म्हणतात. काकी पुढे म्हणाल्या, "मी शबुद देतो," आणि मी उगाच त्यांच्या यजमानांकडे बघितलं.

पुढच्या रविवारी आम्ही नवी पेटी घेऊन गेलो. चकचकीत, वजनाला हलकी, बटण दाबताच चालू होणारी. जुनी आत ठेवली, नवी स्टुलावर चढवली. वाडी जमली. दुपार टळायच्या बेताला वानरं उतरली, म्होरक्या पुढे, पोटाला पोरं धरलेल्या माद्या मागे. काकींनी माईक घेतला, छाती भरून घेतली.

"हाऽऽड!"

आवाज खणखणीत आला. अगदी स्वच्छ. शब्दन्‌शब्द ऐकू आला. वानरांनी माना वर केल्या. म्होरक्याने सोप्याकडे निरखून बघितलं, आपलं काही काम नाही अशी खात्री करून घेतली, लोंबी उपटली आणि सोलून खायला लागला. काकींनी बाप काढला, आजा काढला. वानरं ऐकत होती आणि खात होती. एका पिलाने तर बांधावर बसून आमच्याकडे तोंड करून ठेवलं, जणू तमाशाला आलंय.

"जुनी आणा!" काकी गरजल्या.

जुनी आणली. तिला तापायला वेळ लागला तेवढ्यात भाताचा एक वाफा फस्त झाला. मग काकींनी पुन्हा तेच "हाड" म्हटलं. या वेळी ते सोप्यातून निघताना 'हाड' होतं, शेतात पोचेपर्यंत वाघ झालं. वानरं एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत डोंगर चढून गेली.

वाडीची तोंडं पडली. काकी विजयाने अप्पांकडे वळल्या. "हरला की पावणं!"

पण अप्पा कुठे होते? अप्पा सोप्याखाली मातीत, दोन्ही हात वर करून नाचत होते. गिटार पाठीवर, टोपी खाली पडलेली. "कळलं! वानरास्नी कळलं! मास्तर, बघितलंसा न्हवं? सगळं गाव मला येडा म्हणत हुतं. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर एकच म्हणत हुतं. जनावराला कळतंय, मर्दा, जनावराला!"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की वानरांना जुन्या आवाजाची भीती अंगवळणी पडली असेल, नवा ओळखीचा नव्हता, एवढंच. अप्पांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. त्या नजरेवरून मी कुठल्या बाजूचा हे मला कळून चुकलं.

येताना टेंपोत ते मागच्या रिकाम्या हौद्याकडे वळून वळून बघू लागले. नाच संपला होता आणि आपण काय गमावून आलो ते हळूहळू ध्यानात येत होतं. घरी गेल्यावर जेवले नाहीत. अव्वांनी मला जिन्यातच गाठलं. अव्वा निपाणीकडच्या. घरात कानडी, माझ्याशी मराठी. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की विळीवर भेंडी कापावी तसं.

"पेटी कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं.

"बाई शेत बारा म्हैनं करती काय?"

"नाही. भातच आहे एक. सुगी झाली की—"

"मग उरल्याला वक्ताला पेटी काय करती? उपाशी निजती? म्हस वाट्यानं देत्यात, बैल वाट्यानं देत्यात. पेटीला काय झालंय?" आणि त्या आत गेल्या.

अशी ती पेटी अप्पांच्या घरी आली. वाट्याने. भाताला लोंबी धरली की काकींकडे, मळणी झाली की शाहूपुरीत. काकींनी पहिल्यांदा पाठवताना तिला हळदकुंकू लावलं, वर खण ठेवला. पहिल्या दिवशी अप्पांनी सगळ्या पेठेला बोलावलं. अडते, हमाल, चाचा, माझे मुख्याध्यापक, सगळे दुकानात दाटीवाटीने उभे. अप्पांनी बटण दाबलं. नळ्या सावकाश लाल झाल्या. पेटीतून एक बारीक, खोल गुणगुण सुरू झाली, काहिलीत रस रटरटायला लागतो तशी. अप्पांनी गिटार गळ्यात घेतली, हात तारेवर नेला आणि तिथेच थांबवला. नुसती गुणगुण ऐकत उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. बराच वेळ गेला. मग त्यांनी पेटी बंद केली, सगळ्यांना गूळशेंगा वाटल्या आणि म्हणाले, "आज एवढंच बास. एकदम लई नगं."

वाट्याच्या मालात भांडणं व्हायचीच. एका सुगीला काकी स्वतः एसटीने येऊन दुकानात उभ्या राहिल्या. चप्पलही काढली नाही. "काय वाजिवलंसा हिच्यावर? पेटीचा धाक गेला! वानरं येत्यात आणि हितंच ऱ्हात्यात!"

अप्पा चरकले. "वचनं वाजवली, काकी. देवाधर्माचं."

"तरीच! जनावर हाकायच्या पेटीत देव कशाला घातला?"

चाचांनी पेटी उघडली, एक व्हॉल्व्ह म्हातारा झाल्याचं निदान केलं आणि भंगारातून धुंडाळून दुसरा बसवला. धाक परत आला. पण काकींचा संशय फिटला नाही. पुढच्या प्रत्येक सुगीला पेटी नेण्याआधी आठ दिवस त्या अप्पांना तिच्यात शिव्या द्यायला लावत. अप्पांना शिव्या येत नव्हत्या. ते माईक तोंडाशी धरून संकोचाने म्हणायचे, "ए वानरा… शाणा हो."

काकींच्या मुलाने पुढे शेताला करंटच्या तारेचं कुंपण घातलं. वानरं झाडावरून थेट आत उड्या मारायची, पण मुलाशी वाद कोण घालणार? काकी पेटी कायमची देऊन गेल्या. जाताना अव्वांच्या हाताला धरून म्हणाल्या, "जपा. पोरगीगत वाढिवलिया." त्याच वर्षी माझी बदली साताऱ्याला झाली.

नंतरच्या वर्षांत अप्पांचं ऐकू येणं कमी होत गेल्याचं कानावर आलं. डॉक्टरांनी तपासून कानातलं यंत्र लावायला सांगितलं. अप्पांनी यंत्र हातात घेऊन विचारलं, "आत काय हाय ह्येच्या?" डॉक्टर बिचारे खरं बोलून गेले. अप्पांनी यंत्र परत केलं. "बहिरा ऱ्हातो," म्हणाले, "पर कानात साखर घालून घेत न्हाई."

सन दोन हजारनंतरची गोष्ट. मी एका लग्नाला कोल्हापुरात गेलो आणि दुपारी शाहूपुरीत डोकावलो. अप्पा गादीवर होते, वाळलेले, पण भस्माचे पट्टे तसेच ताजे. पेटी त्यांच्या शेजारी स्टुलावर, आणि तिच्यातून निघालेली एक लांब वायर जिन्यावरून वर स्वयंपाकघरात गेलेली. मी ओरडून माझं नाव सांगितलं. अप्पांनी ओठ बघून ओळखलं आणि मला मिठी मारली. त्यांच्याशी बोलणं अवघड होतं. मी हातवारे करत होतो, ते खुशाल दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर देत होते. हमालाने मला खुणेने थांबायला सांगितलं आणि पेटीचं बटण दाबलं. "जेवायची येळ झाली," तो म्हणाला. "वर भात टाकला की हितं पेटी लावायची. भात शिजस्तवर ही तापती."

अप्पांनी डावा तळवा पेटीच्या लाकडावर सपाट ठेवला, कान वरच्या कडेला टेकवला आणि डोळे मिटले. गुणगुण सुरू झाली. आणि मग वरून अव्वांचा आवाज त्या पेटीतून आला. तोच विळीवरचा आवाज, पण भरलेला, जाड, कडेला किंचित थरथरणारा. रस्त्यावरची माणसं चालता चालता सवयीने घड्याळं बघू लागली.

"ऊटक्क बर्री!" जेवायला चला.

अप्पांच्या तोंडावर काय पसरलं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी डोळे उघडले. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ते मला म्हणाले, "ऐकलंसा, मास्तर? काय आवाज हाय बाईचा! लग्न झाल्यापास्नं मला वाटायचं, ही माझ्यासंगं चिडून बोलती. आत्ता कळलं. तसं न्हवतं त्ये."

पेटी क्षणभर नुसतीच गुणगुणली. मग तितक्याच गोड, तितक्याच जाड आवाजात वरून उत्तर आलं.

"चिडूनच बोलत हुतो की मी!"